वन्सं, माझ्या पाटल्या कुठंयत? : भयपट मनाला लागतो तेव्हा तो कसा पाहावा

'रेलिक' या ऑस्ट्रेलियन चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. म्हातारी एडना आपली अंगठी नातीला, सॅमला देते. कुणी मागितलेली नसते, ती आपणहून, मायेनं देते. नंतर तीच एडना नातीच्या बोटाकडे बघते, तिचा चेहरा बदलतो, आणि चोरीचा आळ घेत ती ती अंगठी सॅमच्या बोटातून ओरबाडून काढते.

या प्रसंगात भूत येत नाही. पण मी तिथे उठले. भाचीला म्हटलं, "चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. भाची दिवाळीच्या सुट्टीत आली होती, लॅपटॉपवर चित्रपट तिनेच लावला होता. ती आतून ओरडली, "आत्या, अजून तर काही झालंच नाही!" तिच्या मते पहिला पाऊण तास नुसता संथ होता. मध्येमध्ये ती मोबाइल बघत होती. माझ्या घशाला मात्र कोरड पडली होती.

पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. काही महिन्यांपूर्वी तिने भर दुपारी, कामाच्या मावशींसमोर, माझा दंड धरून मला विचारलं होतं, "वन्सं, माझ्या पाटल्या कुठंयत? तुम्हीच नेल्यात." वन्सं म्हणजे माझी आत्या, तिची नणंद. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पाटल्या तिसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडल्या, अगदी तळाशी, रुमालात गाठ मारलेल्या. मधल्या दोन रात्री मी माझ्या खोलीला आतून कडी लावून झोपले.

एकच चित्रपट एकीला कंटाळवाणा वाटतो आणि दुसरीला ओट्यापाशी नेऊन उभं करतो. असं का होतं आणि असा चित्रपट अंगावर आला तर त्याचं काय करावं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी साताऱ्यात महाविद्यालयात मराठी शिकवते. तिसऱ्या वर्षाला साहित्यशास्त्राचा पेपर माझ्याकडे असतो. जे फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत आले, ते मला या चित्रपटापाशी येऊन कळलं. म्हणून ज्यांना असा एखादा चित्रपट लागला आहे आणि का लागला ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चित्रपटातलं भूत शोधत बसू नका. ते कुठून आलं, खरं आहे की मनाचे खेळ आहेत, शेवटाचा अर्थ काय, या प्रश्नांवर भांडायला मजा येते, पण त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही. तुम्ही कुठे नजर वळवली ते शोधा. शरीर हे आधी सांगतं. अचानक तहान लागते, फोन बघावासा वाटतो, दिवा लावावासा वाटतो, शेजारच्याशी बोलावंसं वाटतं, चहा आठवतो. ज्या जागी हे झालं ती जागा कागदावर टिपून ठेवा. दचकलात त्या जागा सोडून द्या. दार आपटलं की सगळेच दचकतात, त्यात तुमचं वेगळं काही नसतं. जिथे कुणीच दचकलं नाही आणि तुम्हाला मात्र बसवेना, ती जागा तुमची.

मग त्या जागेविषयी एक वाक्य लिहा. एकच, आणि त्यात तुमचं माणूस आलं पाहिजे. मला या वाक्याला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'स्मृतिभ्रंशामुळे नात्यांत येणाऱ्या दुराव्याचं प्रभावी चित्रण.' हे पेपर तपासणाऱ्या बाईंचं वाक्य झालं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आईच्या आजाराची आठवण झाली.' हेही खरं नव्हतं, कारण आजार रोज समोरच होता, आठवण्याचा प्रश्नच नव्हता. चौथ्या दिवशी लिहिलं, 'मला आईची भीती वाटली होती.'

आपल्याकडे आईची सेवा करतात. आईचा कंटाळा आला, थकले, चिडले, इथपर्यंत बोलता येतं, बायका बोलतातही. सत्तर पार केलेल्या, पाच हात चालताना धाप लागणाऱ्या आईची भीती वाटते, हे बोलायला घरात जागा नसते. भावाला फोनवर सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, "म्हणजे काय केलं तिनं?" तिनं काहीच केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत माझी ओळख नव्हती, एवढंच. या प्रकारचे चित्रपट नेमके इथे पोचतात. पडद्यावरची के, म्हणजे एडनाची मुलगी, आपल्या आईला घाबरते आणि चित्रपट तिला त्याबद्दल वाईट ठरवत नाही. ज्या भीतीला आपण नाव दिलेलं नसतं ती तिथे उघड्यावर, चालती-बोलती दिसते. ज्यांच्या घरात ही भीती नाही त्यांना त्यात संथ चाललेली एक कथा दिसते, आणि त्यांचंही चूक नाही.

आता शास्त्राकडे येते, कारण पुढची सूचना तिथून निघते. 'नाट्यशास्त्रा'त भरताने आठ रस सांगितले, त्यांत भयानक एक. भीती ही नकोशी गोष्ट, तर ती पाहून आस्वाद कसा मिळतो? भरताचा भाष्यकार अभिनवगुप्त याचं उदाहरण 'शाकुंतला'तल्या हरणाचं देतो. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरिण मान सुंदर वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहत पळतं आहे, अर्धवट चावलेलं गवत तोंडातून वाटेवर सांडतं आहे. प्रेक्षकाला जी भीती जाणवते ती या हरणाची नाही, माझी नाही, शत्रूची नाही, मित्राचीही नाही. ती कुणा एकाची उरत नाही. यालाच आपण साधारणीकरण म्हणतो. हे मी दर वर्षी सांगते, मुलं लिहून घेतात.

पण ओट्यापाशी उभी होते तेव्हा माझी भीती साधारण मुळीच झाली नव्हती. ती माझीच होती, माझ्या कडीची होती. त्याचंही उत्तर अभिनवगुप्तानेच देऊन ठेवलं आहे. रसाच्या आड येणारी सात विघ्नं त्याने सांगितली, त्यांतलं एक 'निजसुखादिविवशीभाव'. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका अडकलेला असतो की समोरचं त्याला दिसतच नाही. म्हणजे पहिल्या वेळी मी 'रेलिक' पाहिलाच नव्हता. मी माझी दुपार पाहत होते.

म्हणून असा चित्रपट दोनदा पाहा. मधे अंतर जाऊ द्या. मी दुसऱ्यांदा पाहिला तो आई गेल्यानंतर दहा महिन्यांनी. हे विघ्न दूर व्हावं म्हणून अभिनवगुप्त गाणं-वाजवणं, सजवलेला मंडप अशा गोष्टी सुचवतो. प्रेक्षक आपल्या ओझ्यातून थोडा सुटा होण्यासाठी भोवतालची तयारी लागते, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. आपल्याला घरातल्या घरात तेवढा मंडप घालता येतो. रात्री एकटीने, अंथरुणात, हेडफोन लावून पाहू नका. आवाज कानाच्या आत आला की तो खोलीत उरत नाही, डोक्यात शिरतो. दुपारी किंवा संध्याकाळी पाहा, एक दिवा लावलेला ठेवा, जेवून बसा. सोबत एक माणूस असू द्या, पण सारखं 'आता बघ, आता बघ' म्हणणारं नको. ज्याच्यासमोर मध्येच थांबवा म्हणायला संकोच वाटणार नाही, असं माणूस हवं. थांबवलात तर तिथेच सोडा. उरलेला दुसऱ्या दिवशी पाहता येतो, तो काही निघून जात नाही.

दुसऱ्या खेपेला काय पाहायचं? 'रेलिक'पुरतं सविस्तर सांगते, बाकीच्यांना ते लावून बघता येईल.

चित्रपट २०२० चा. दिग्दर्शिका नॅटली एरिका जेम्स, तिचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, सहलेखक ख्रिश्चन व्हाइट. तिची आई जपानी. जपानमधल्या आजीला अल्झायमर होता. जेम्स भेटायला गेली तेव्हा आजीने तिला ओळखलं नाही, आणि आपण आधीच यायला हवं होतं ही बोच तिच्या मनात राहिली. गोष्ट त्या बोचेतून निघाली. कथा घडते ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात. एकटी राहणारी एडना बेपत्ता होते, मेलबर्नहून मुलगी के आणि नात सॅम तिला शोधायला येतात, आणि एका सकाळी एडना अनवाणी पायांनी घरातच परत दिसते. कुठे होती, हे सांगत नाही.

सगळ्यात आधी घर पाहा. मानसिक भयपटात घर हे बहुतेक वेळा कुणाचं तरी मन असतं. एडनाच्या घरात भिंतींवर काळी बुरशी पसरत जाते, आणि तिच्या छातीवर तसाच काळा डाग आहे. आधी हे दोन्ही वेगवेगळं वाटतं. घरभर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. गोळ्या घेण्याची आठवण करणाऱ्या अगदी साध्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्यातच काही अशा की वाचून पोटात गोळा यावा. आमच्याकडेही चिठ्ठ्या होत्या. भावाने मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या होत्या : 'गॅस बंद आहे', 'दाराला कुलूप लावलं आहे', 'ताई कॉलेजात गेली, दोनला येईल'. आई चौथी शिकलेली, वाचायची सगळं. एकदा मी घरी आले तर ती शेवटच्या चिठ्ठीपुढे उभी होती. म्हणाली, "ही ताई कोण?"

मग वाट चुकण्याचा प्रसंग पाहा. सॅम घरातल्या एका अडगळीच्या वाटेने आत शिरते आणि तिला परत यायला वाटच सापडत नाही. एक बोळ दुसऱ्या बोळात निघतो, छत खाली खाली येतं, जिथून आलो ते दार तिथे नसतं. पहिल्यांदा मी हा भाग नुसता सोसला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की दिग्दर्शिकेने इथे आजीला हरवलं नाही, धडधाकट नातीला हरवलं आहे. आजाऱ्याला बाहेरून बघणाऱ्या माणसाला तिने उचलून आजाराच्या आत ठेवलं. सॅमबरोबर आपणही तिथे सापडतो. आई रात्री दोनच्या सुमाराला उठायची आणि न्हाणीघराच्या दाराची चौकट धरून उभी राहायची. "सोप्यावर कसं जायचं?" असं विचारायची. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, होता कोरेगावजवळच्या आमच्या जुन्या घरात, ते घर पडूनही कितीतरी वर्षं झाली. मी तिला दर वेळी सांगायची, "आई, हा फ्लॅट आहे, सोपा नाही इथे." दोन खोल्यांच्या घरात एखादं माणूस कसं हरवतं, हे मला तिची तीन वर्षं शुश्रूषा करून कळलं नव्हतं. त्या बोळात सॅमच्या मागून चालताना कळलं.

आवाजाकडेही कान द्या. ब्रायन राइटझेलचं संगीत आहे, पण पुष्कळदा संगीत कुठलं आणि घराचा आवाज कुठला ते सांगता येत नाही. भिंतीच्या आत काहीतरी धडकतं, लाकूड करकरतं. डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐकून पाहा. आजाऱ्याच्या घरात रात्री जागणाऱ्याला हे ऐकणं ओळखीचं असतं. आपण झोपेतही एक कान उघडा ठेवलेला असतो, कडी वाजली का, नळ सुरू आहे का. चित्रपटाची सुरुवातच वाहून जाणाऱ्या न्हाणीच्या पाण्याने होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णेवरून हा आजार प्रथम वर्णन केला, त्या ऑगुस्टे डेटर यांना १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणलं तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. १९०७ साली छापून आलेल्या टिपणात अल्झायमर लिहितात की ही बाई आधी नवऱ्यावर संशय घेऊ लागली, घरात वाट चुकू लागली, वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, आणि कुणीतरी आपल्याला मारायला आलंय असं वाटून किंचाळायची. संशय, हरवलेली वाट, लपवलेल्या वस्तू, मारेकऱ्याची भीती. एखाद्या भयकथेचं टाचण वाटावं असं हे वैद्यकीय टिपण आहे. तांदळाच्या डब्यातल्या पाटल्या मला त्यात दिसल्या. आईची मला भीती वाटत होती, त्या दुपारी तिला माझी किती वाटत असेल, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात एक अनोळखी बाई वावरते आहे, दागिने गेले आहेत, आणि ती बाई म्हणते की मी तुमची मुलगी.

प्रत्येकाची जागा 'रेलिक'मध्येच सापडेल असं नाही. माझ्या एका सहकारी बाईंना तो चांगला वाटला, लागला नाही. त्यांना लागला होता 'रोझमेरीज बेबी', १९६८ चा. त्यातल्या गरोदर बाईच्या वतीने नवरा, शेजारी, डॉक्टर असे सगळे ठरवतात. रोज काय प्यायचं तेही शेजारीण ठरवते, आणि तिला दुखतंय म्हटलं तरी कुणी मनावर घेत नाही. त्या बाईंनी चित्रपटातल्या सैतानाबद्दल एक शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या पहिल्या खेपेला मी दुखतंय दुखतंय म्हणत होते, सासूबाई म्हणायच्या सगळ्यांनाच दुखतं." 'बाबाडूक' हा २०१४ चा चित्रपट एकट्या आईला आपल्याच मुलाचा वीट येतो त्या जागी बोट ठेवतो. तुम्हाला कुठला लागेल हे परीक्षणं वाचून कळायचं नाही. पण कथेचा सारांश वाचून 'हा नको' असं जरा जास्तच जोरात वाटलं, तर तिथे थोडं थांबून बघा.

आणि काहींनी खरंच पाहू नये. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर पाहू नका. शुश्रूषा करताना तुमच्या सलग झोपेचे तास मोजण्यासारखे झाले असतील, तर आधी झोपा. आजारी माणसाच्या कानावर आवाज जाईल अशा घरात तर लावूच नका. मी लावला होता, आवाज अगदी बारीक करून, तरी ते बरोबर नव्हतं. भिंतीपलीकडून आलेली एक किंकाळी त्यांना चित्रपटातली आहे हे कळत नाही. पाहिल्यानंतर दोन-तीन आठवडे झोप उडाली, दिवसा छातीत धडधडायला लागलं, तर त्याला चित्रपटाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

पाहून झाल्यावर लगेच चर्चा करू नका. मी आणि भाचीने पहिल्या वेळी चूक केली, संपल्या संपल्या शेवटाच्या अर्थावर बोलायला लागलो. तासभर छान बोललो आणि मूळ गोष्ट तिथेच दडपली गेली. एक रात्र मधे जाऊ द्या. मग तुमचं ते एक वाक्य एका माणसाला सांगा. त्या माणसाने चित्रपट पाहिलेला असण्याची गरज नाही. मी भावाला सांगितलं. फोनवर नाही, तो आला तेव्हा, भाजी निवडताना. कडीचंही सांगितलं. तो बराच वेळ गवारीच्या शिरा काढत राहिला. मग म्हणाला, "मी दर शनिवारी यायचं म्हणायचो आणि यायचो नाही. मलापण तेच वाटायचं."

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हाही भाची सोबत होती. या वेळी मोबाइल तिने दुसऱ्या खोलीत ठेवला होता. अंगठीचा प्रसंग आला, मी बसून राहिले. शेवटाकडे के पळून जायची संधी असताना थांबते. जिला एडना म्हणावं असं आता फारसं काही उरलेलं नाही त्या आईला ती पलंगावर नेते आणि तिच्या अंगावरची सुटलेली कातडी हलक्या हाताने, एक एक करून काढते. पहिल्या वेळी मला हा प्रसंग बीभत्स वाटला होता. आता त्यात फक्त हात दिसले. आईला शेवटच्या महिन्यांत मी ओल्या फडक्याने पुसायची, तेव्हा तिची कातडी तळहाताखाली कागदासारखी सरकायची, ओढली जाईल म्हणून श्वास धरून पुसावं लागायचं.

मग के आईच्या पाठीशी आडवी होते. सॅम येऊन केच्या मागे झोपते. आजी, आई, नात, एका पलंगावर. आणि सॅमला आपल्या आईच्या पाठीवर तो काळा डाग दिसतो, नुकता उमटू लागलेला.

चित्रपट संपला. भाचीने लॅपटॉप मिटला. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, मग माझ्या मागे आली, वेणी एका बाजूला केली आणि मानेखाली, पाठीवर, बोट फिरवून बघितलं. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. मग उठून आम्ही दोघींनी आमटी गरम करायला ठेवली.